बाइकचं इंजिन, रेसकारची वळणं आणि तेलाचा प्रश्न: आमच्या ६०० सीसी गाडीचं पूर्ण प्रकरण

भोसरीतल्या एका वर्कशॉपमधे इंजिन बाकावर उलटं ठेवलं होतं आणि तिथल्या मेकॅनिक काकांनी चेंबर, म्हणजे तेल साठतं ते इंजिनाच्या तळाचं भांडं, काढून बाजूला ठेवला. तळाशी उरलेल्या तेलावर ट्यूबलाइटचा उजेड पडला तशी सोनेरी चकाकी दिसली, भांड्याला कल्हई करताना उडते ना तशी बारीक चमक. काका काही बोलले नाहीत, त्यांनी तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी) जोडणारा दांडा, दोन बोटांत धरून वरखाली हलवला, टक टक असा आवाज आला. त्या जोडातला बेअरिंग शेल, पातळ अर्धगोल पत्रा, काढून माझ्या तळहातावर ठेवला. वरचा राखाडी थर घासून गेला होता आणि खालचा तांब्यासारखा रंग उघडा पडला होता. "बाळा, ह्याला तेल मिळालं नाही," एवढंच म्हणाले. स्पर्धेला पाच आठवडे होते. टीममधली पोरं तिथेच पायऱ्यांवर बसून राहिली.

त्यानंतरच्या सीझनला आम्ही तेलाची सिस्टिम कशी निवडली, काय हिशोब केले, कुठे चुकलो, ते सगळं इथे लिहून काढतोय. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची नवीन टीम ह्याच खड्ड्यात पडते आणि त्यांना मराठीत वाचायला काहीच मिळत नाही.

आधी पार्श्वभूमी. आमची पुण्यातली कॉलेजची टीम, फॉर्म्युला भारतला, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या छोट्या रेसकारच्या स्पर्धेला जाणारी. ही स्पर्धा जानेवारीत कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर होते. नियमात इंजिन ७१० सीसीपर्यंत चालतं आणि सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून, म्हणजे रिस्ट्रिक्टरमधून जावी लागते. त्याआधी आम्ही बऱ्याच टीमसारखं केटीएम ३९० चं ३७३ सीसी सिंगल वापरायचो, इंजिन चाकणलाच बनतं, पार्ट हाताशी, मेकॅनिक हाताशी. मग वापरलेलं होंडा सीबीआर ६०० आरआर चं चार सिलिंडरचं इंजिन मिळालं आणि आम्ही उडी मारली. ताकद वाढेल, आवाज मस्त येईल, वायरिंग कसं करायचं, सगळ्यावर चर्चा झाली. तेलावर एक मीटिंगसुद्धा झाली नाही. चेंबर खोल होता म्हणून तो कापून उथळ केला, तळाला पत्रा वेल्ड केला, इंजिन खाली बसलं म्हणून खूश झालो.

आता बाइकच्या इंजिनाला कारमधे त्रास का होतो ते बघा. बाइकवर दोन्ही बाजूंना किटल्या लावून जाणारा दूधवाला आठवा. तो वळणावर बाइक झुकवतो, किटल्याही सोबत झुकतात, दूध किटलीच्या तळाशीच दाबलं जातं, सांडत नाही. तीच किटली रिक्षात पायाशी ठेवून वळण घ्या, दूध झाकणापर्यंत चढतं. बाइकचं इंजिन पहिल्या प्रकारासाठी बनवलेलं असतं. बाइक ४५ अंश झुकली की १ जी चा, म्हणजे स्वतःच्या वजनाइतका, बाजूचा जोर लागतो पण इंजिनाच्या दृष्टीने तो जोर सरळ खालीच असतो, तेल पिकअपच्या, म्हणजे पंप जिच्यातून तेल ओढतो त्या नळीच्या, चाळणीवरच बसतं. आपण तेच इंजिन कारमधे उभं ठेवतो, कार झुकत नाही, आणि तेल आडवं पळतं. ब्रेकिंग आणि वेग घेण्याचा पुढे-मागे जोर बाइकलाही माहीत असतो, तो त्या चेंबरने आधीच सोसलेला असतो. बाजूचा जोर हीच खरी नवी गोष्ट आहे, आणि हे आम्हाला इंजिन उघडल्यावर कळलं.

किती जोर? ह्याला अंदाज मारायची गरजच नाही. स्पर्धेतल्या स्किडपॅड ह्या इव्हेंटमधे आठ आकड्यासारखे दोन गोल असतात, आतला व्यास १५.२५ मीटर, बाहेरचा २१.२५, म्हणजे गाडी साधारण ९.१ मीटर त्रिज्येवर फिरते. एक गोल ५ सेकंदात मारायचा असेल तर वेग येतो सेकंदाला साडेअकरा मीटर आणि बाजूचा जोर येतो जवळपास १.५ जी. तेलाचा पृष्ठभाग तेव्हा ५६ अंशाने तिरका होतो, निम्म्याहून जास्त उभा म्हणा ना. आणि एका दिशेला सलग दोन गोल, म्हणजे १० सेकंद तेल एकाच भिंतीला चिकटून. रस्त्यावरच्या कुठल्याही वळणावर असं होत नाही. पंप मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरलं तर सेकंदाला अर्धा लिटर झालं, चेंबरमधे दीड-पावणेदोन लिटर असताना १० सेकंद काढायचे, तेही वरून तेल परत यायला उशीर होत असताना.

सगळ्यात जास्त मनाला लागलेली गोष्ट अशी की हे आमच्या लॉगरमधे, म्हणजे सेन्सरचे आकडे साठवणाऱ्या डब्यात, दिसायला हवं होतं. ऑइल प्रेशरचा सेन्सर गाडीत होता! पण तो चॅनल सेकंदाला एकदाच नोंदवायचा अशी सेटिंग होती, पाण्याच्या तापमानासारखी. प्रेशर क्षणभर पडून परत यायचं आणि दोन नोंदींच्या मधल्या फटीत निघून जायचं. ग्राफ बघितला की एकदम सरळ, सुंदर रेघ. दुसरं इंजिन बसवल्यावर टीमच्या इंजिन लीडने, तिसऱ्या वर्षाची मुलगी, तिने चॅनल सेकंदाला ५० नोंदींवर नेला आणि पार्किंगमधे कोन लावून हळूच गोल मारून बघितले. ४ बारच्या वर असलेली रेघ प्रत्येक गोलात करवतीच्या दातासारखी खाली येत होती, एकदा तर १ बारच्याही खाली. "दादा, हे प्रत्येक वेळी होत होतं, आपण बघतच नव्हतो," असं ती म्हणाली. ह्या इंजिनाला गरम असताना ६००० आरपीएमला ५ बारच्या आसपास प्रेशर असायला पाहिजे. डॅशवरचा कंपनीचा लाल दिवा ह्यासाठी कामाचा नाही, तो फार खाली गेल्यावर पेटतो, तोपर्यंत बेअरिंगचं जे व्हायचं ते झालेलं असतं. चार सिलिंडरच्या ह्या इंजिनात क्रँक साध्या शेल बेअरिंगवर फिरतो, धातू आणि धातूमधे काही मायक्रॉनचा तेलाचा थर, तो प्रेशरने टिकतो. ४५० सीसीच्या मोटोक्रॉस सिंगलमधे बिग एंडला, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, रोलर बेअरिंग असतं, ते क्षणभर कोरडं गेलं तरी सहन करतं, शेलला ती माफी नाही.

मग पर्याय मांडले. पहिला, तेल जास्त भरा. अर्धा लिटर जास्त. बरेच जण हेच करतात आणि थोडंफार चालतंही, पण उघड्या चेंबरमधे क्रँक तेलाला लागतो, तेल फेसाळतं, फेसात हवा असते आणि हवा बेअरिंगला धरून ठेवत नाही, वर ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेल कॅच कॅनमधे (ते गोळा करणाऱ्या डब्यात) यायला लागतं. नुसता हा पर्याय आम्ही लगेच सोडला.

दुसरा अक्युम्युलेटर, ज्याला सगळे अक्युसम्प म्हणतात. एक सिलिंडर, आत पिस्टन, एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला प्रेशरचं तेल. प्रेशर पडलं की तो आपलं तेल इंजिनात ढकलतो. कल्पना मला फार आवडते, आणि लांब इंजिनाच्या मोठ्या गाडीत तो जीव वाचवतो. पण आमचा हिशोब लावा: १ लिटरचा घेतला, अर्धा लिटर सेकंदाला जातंय, म्हणजे कागदावर २ सेकंद, आणि तेही प्रेशर उतरत उतरत. स्लॅलममधे, म्हणजे कोनांमधून नागमोडी जाताना, ब्रेक मारून वळताना, एक-दोन सेकंदांच्या झटक्यांना पुरेल. १० सेकंदांच्या स्किडपॅडला नाही. शिवाय रिकामा झालेला अक्युम्युलेटर प्रेशर आलं की परत लिटरभर तेल पिऊन घेतो, नेमकं तेव्हा जेव्हा चेंबरला ते हवं असतं. एकूण तेलच तीन लिटरच्या आसपास असलेल्या इंजिनात लिटरभर ये-जा करणं मला पटलं नाही.

तिसरा ड्राय सम्प. ह्यावर टीममधे खरी भांडणं झाली, दोन रात्री. ड्राय सम्पमधे इंजिनाखाली तेल ठेवायचंच नाही, वेगळे स्कॅव्हेंज पंप ते ओढून बाजूच्या उंच टाकीत टाकतात, टाकीत तेल कडेने गोल फिरत उतरतं, हवा सुटते, आणि टाकीच्या तळातून मुख्य पंपाला तेल मिळतं. टाकी उंच आणि अरुंद असल्यामुळे कितीही जोर आला तरी तळाचं तोंड तेलात बुडालेलं राहतं. स्कॅव्हेंजला प्रेशर पंपाच्या दुप्पट-तिप्पट क्षमता लागते कारण तो तेलाबरोबर भरपूर हवाही ओढतो. तत्त्व म्हणून ह्याच्यापेक्षा चांगलं काही नाही आणि मी हे आजही म्हणेन.

पण बाइकच्या इंजिनात एक गाठ आहे. कारच्या इंजिनाला गिअरबॉक्स वेगळा, तेल वेगळं. इथे क्रँक, क्लच, गिअर सगळे एकाच घरात, एकच तेल. म्हणून तर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलंच तेल टाकावं लागतं, कारचं टाकलं तर ओला, म्हणजे तेलातच चालणारा, क्लच घसरतो. ड्राय सम्प करायचा तर नुसतं क्रँकखालचं तेल ओढून भागत नाही, क्लचच्या बाजूला आणि गिअरच्या खाली साचणारंही ओढावं लागतं, नाहीतर तीन लिटरमधलं तेल तिकडे अडकून टाकी रिकामी होते. म्हणजे किमान दोन स्कॅव्हेंज तोंडं, डावीकडे आणि उजवीकडे. पंप कुठून फिरवायचा हा पुढचा प्रश्न. ह्या इंजिनात वॉटर पंप ऑइल पंपाच्याच शाफ्टवर चालतो, त्यामुळे काही टीम वॉटर पंप काढून इलेक्ट्रिक लावतात आणि त्या जागी स्कॅव्हेंज पंप बसवतात, हुशार काम आहे. मग टाकी, जाड होज, फिटिंग, सगळं धरून ५ किलो तरी वाढतात, आणि एक फिटिंग सैल झालं तर सगळं तेल ट्रॅकवर.

सस्पेन्शनवाल्या पोरांचा ड्राय सम्पसाठी हट्ट होता तो इंजिन खाली आणण्यासाठी. तो मुद्दा खरा आहे म्हणून आकडे काढले. इंजिन साधारण ६० किलो, ड्रायव्हर धरून गाडी २८०. उथळ वेट सम्पने (म्हणजे तेल इंजिनाखालच्या चेंबरमधेच ठेवलं तर) इंजिन मूळ खोल चेंबरपेक्षा ४० मिलिमीटर खाली येतं, त्याने गाडीचा गुरुत्वमध्य साडेआठ मिलिमीटर उतरतो. ड्राय सम्पने इंजिन आणखी ३० उतरेल, म्हणजे गुरुत्वमध्य अजून साडेसहा, त्यातून वर बसणाऱ्या भरलेल्या टाकीचा तोटा वजा. म्हणजे वाद पाच-सहा मिलिमीटरचा होता. आणि समोर २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत, जिला सगळ्या इव्हेंटमधे सगळ्यात जास्त गुण आणि जी पूर्ण केली नाही तर फ्युएल एफिशियन्सीचेही गुण जातात.

चौथा पर्याय, नीट बाफल केलेला, म्हणजे तेल अडवायला आत पत्रे लावलेला वेट सम्प. इथे एक हिशोब सांगतो, कारण निर्णय त्यानेच झाला. चेंबर २४० मिलिमीटर रुंद, पुढे-मागे २००, खोली ६०, चालू इंजिनात तळाशी १.८ लिटर तेल धरलं, बाकीचं वर फिरतंय. १.५ जी मधे वरून उघडा चेंबर असेल तर तेल बाहेरच्या भिंतीला त्रिकोणासारखं चिकटतं, भिंतीवर १६४ मिलिमीटर चढतं, म्हणजे थेट क्रँकमधे, आणि तळावर भिंतीपासून फक्त ११० मिलिमीटर पसरतं. पिकअप मधोमध, भिंतीपासून १२० वर. म्हणजे दहा मिलिमीटरने कोरडा! आमचं इंजिन कशाने गेलं ते ह्या एका ओळीत आहे. आता ६० मिलिमीटर उंचीवर पत्र्याचं झाकण टाका. तेल वर चढू शकत नाही, तेच १.८ लिटर तळावर १७० मिलिमीटरपर्यंत पसरतं, आणि पिकअप ५० मिलिमीटर आतपर्यंत तेलात. दार नाही, पंप नाही, नुसतं झाकण. हे फळ्यावर मांडलं तेव्हा खोलीत कोणी काही बोललं नाही, सस्पेन्शनवाल्याने स्वतः येऊन आकडे परत तपासले आणि मग बसला.

ठरलं ते असं: ६० खोलीचा अल्युमिनियमचा चेंबर, वर झाकण, मधे पिकअपभोवती चौकोनी डबा, डब्याच्या चारही भिंतींना एकेक दार, दार फक्त आत उघडणार. डाव्या वळणात तेल उजवीकडे पळतं तेव्हा उजवं दार बंद होऊन डब्यातलं तेल अडवतं आणि डावं दार उघडून मागून येणारं तेल आत घेतं. अक्युम्युलेटर नाही. ड्राय सम्प पुढच्या टीमने अख्खं वर्ष हातात असताना करावा, तेव्हा माझा पूर्ण पाठिंबा असेल, कारण त्याच्या चुका शोधायला ट्रॅकवरचे दिवस लागतात आणि आमच्याकडे ते मोजून आठ होते.

बनवताना जे शिकलो ते ड्रॉइंगमधे नव्हतं. पिकअपचं तोंड तळापासून किती उंच? नळीचा व्यास २५ असेल तर किमान त्याचा चौथा भाग, सव्वासहा मिलिमीटर, म्हणजे कडेने आत शिरायला तेवढीच जागा मिळते जेवढी नळीत आहे. आम्ही ७ ठेवले. पिकअप जिथे इंजिनात बसतो तिथला ओ-रिंग नवीन टाकला, तिथून हवा ओढली तर खाली कितीही बाफल करा, उपयोग नाही. आणि दारं! टिग वेल्डिंगच्या उष्णतेने डब्याच्या भिंती किंचित वाकल्या, डोळ्याला दिसत नव्हतं, पण टॉर्च आत धरून चेंबर तिरका केला तर चारपैकी मागचं दार अर्ध्यावर अडकायचं, खाली पडायचंच नाही. काकांनी कानसेने बिजागरीच्या बाजूचा कण-कण काढला, प्रत्येक वेळी चेंबर हातात घेऊन डुलवायचे आणि कान लावून ऐकायचे, टिक. चारही दारांचा टिक सारखा आला तेव्हाच खाली ठेवला. बिजागरीच्या पिनांना लॉकवायर घातली, ती पिन सुटून पंपात गेली तर सगळंच संपलं.

बसवायच्या आधी त्याच मापाचा अॅक्रिलिकचा चेंबर करून रंगीत तेल भरून फळीवर ५६ अंश तिरका करून बघितला. एक लक्षात ठेवा, तिरकं केल्यावर तेलाचा आकार बरोबर दिसतो पण वेग दिसत नाही, कारण ट्रॅकवर एकूण जोर १.८ जी असतो आणि फळीवर १ च. ट्रॅकवर तेल जास्त जोरात पळतं. त्यामुळे फळीवर "दार वेळेत बंद होतंय" हे सिद्ध होत नाही, फक्त "तेल कुठे जाऊन बसतंय" ते कळतं. टेक्निकल इन्स्पेक्शनला गाडी ६० अंश तिरकी करतात आणि तेलाचा थेंब गळायला नको असतो, ते १.७ जी च्या दिशेइतकं झालं, त्यामुळे ब्रीदर आणि कॅच कॅनची जागाही आम्ही ह्याच फळीवर ठरवली.

ट्रॅकवर पहिल्या दिवशी डाव्या गोलात रेघ सरळ. उजव्यात सात सेकंदांनंतर उतार. सगळे दारांवर संशय घेऊन बसले, चेंबर परत काढायचं ठरत होतं. पण उतार सावकाश होता, दातासारखा नव्हता, म्हणजे पिकअप उघडा पडत नव्हता, तेलच कमी पडत होतं. ह्या इंजिनात कॅम चेनचा बोगदा उजव्या बाजूला आहे आणि हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या व्हॉल्व्हच्या भागातलं, बरंचसं तेल त्यातून खाली येतं. उजव्या वळणात तेल डावीकडे फेकलं जातं, हेडमधेच अडकतं, आणि पंप वर पाठवत राहतो. आता झाकण होतं म्हणून क्रँकला धक्का न लावता तेल वाढवता येत होतं. १०० मिली टाकायचं, गोल मारायचे, कॅच कॅन उघडून बघायचा, परत १००. २५० मिलीला उजवा गोलही शेवटपर्यंत ४ बारच्या वर राहिला आणि कॅच कॅनमधे फक्त ओलसरपणा. पहिला पर्याय म्हणून जो टाकून दिला होता तो झाकणासोबत असा कामी आला.

कारीवर एन्ड्युरन्सला मधे ड्रायव्हर बदलताना इंजिन बंद करून परत गरम सुरू करावं लागतं, तेव्हा तेल सगळ्यात पातळ असतं. तो स्टार्ट होऊन प्रेशर वर येईपर्यंत मी भिंतीपाशी उभा होतो, बोलता येत नव्हतं. गाडी २२ किलोमीटर पूर्ण करून आली.

पुण्यात परत आल्यावर फिल्टर कापून कागद उलगडला, चकाकी नव्हती. तिसऱ्या सिलिंडरचा शेल काढला, राखाडी थर जसाच्या तसा. मागच्या दाराच्या बिजागरीत मात्र पिनेचं भोक लंबगोल व्हायला लागलं होतं, म्हणून पुढच्या चेंबरला काका तिथे स्टीलचा बुश टाकतायत.